चट्ट्याचे चित्र आणि त्वचेची साक्ष

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या दंडावर रुपयाएवढा फिकट डाग दिसतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून मुलाचे तिकडे लक्ष नसते. शिक्षकांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकते. हल्ली अशा वेळी सहज सुचणारी गोष्ट म्हणजे मोबाइलवर डागाचा फोटो काढायचा आणि ओळखीच्या डॉक्टरांना पाठवायचा. पलीकडून 'हा कुष्ठरोग आहे' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर यावे, अशी आपली अपेक्षा असते.

केवळ चित्र पाहून असे उत्तर देता येते का? संगणकाला त्वचेची हजारो चित्रे दाखवून रोग ओळखायला शिकवण्याचे प्रयत्न आज जगभर चालू आहेत. त्यामुळे हा प्रश्न अगदी नवा वाटतो. पण चित्रावरून कुष्ठरोग ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी झाला. त्या चित्रांना काय जमले आणि काय जमले नाही, हे पाहिले तर आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

बर्गेनचा चित्रकार

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गरीब शेतकरी आणि कोळी कुटुंबांत, कुष्ठरोग पुष्कळ होता. बर्गेन शहरातील सेंट यॉर्गेन रुग्णालयात पंधराव्या शतकापासून अशा रुग्णांना ठेवत असत. तेथे काम करणारे डॅनिएल्सन आणि त्यांचे सहकारी बोक या दोन डॉक्टरांनी १८४७ साली कुष्ठरोगावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सोबत रंगीत शिळाछाप चित्रांचा संग्रह होता. ही चित्रे लॉस्टिंग नावाच्या बर्गेनच्याच चित्रकाराने काढली होती.

या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी 'कुष्ठ' या एकाच नावाखाली त्वचेचे नाना विकार मोडत. आपल्याकडील आयुर्वेदाच्या संहितांमध्येही सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतले बरेचसे आजच्या अर्थाने कुष्ठरोग नव्हेत. युरोपातही इतर त्वचारोग झालेल्या अनेकांना कुष्ठरोगी ठरवून गावाबाहेर घालवले गेले असणार. नजरेची एक चूक झाली की माणूस आयुष्यातून उठत असे.

डॅनिएल्सन आणि बोक यांनी शेकडो रुग्ण बारकाईने तपासले आणि रोगाची दोन रूपे वेगळी केली. एकात चेहऱ्यावर व अंगावर गाठी येतात. दुसऱ्यात गाठी नसतात, त्वचा बधिर होते. या दुसऱ्या रूपाला त्यांनी नावच 'बधिर' असे दिले. गाठींचे रूप कुंचल्यात पकडता येते. बधिरतेमुळे झिजलेली बोटे किंवा न मिटणारा डोळाही चित्रकाराला रंगवता येतो. पण प्रत्यक्ष बधिरता कशी रंगवणार? रुग्णाने 'मला इथे काही कळत नाही' असे सांगितल्याशिवाय ती कोणालाच दिसत नाही. म्हणजे चित्रांच्या पहिल्या शास्त्रीय संग्रहापासूनच अर्धा रोग चित्राबाहेर राहिला होता.

चित्राला कारणही सांगता येत नव्हते. डॅनिएल्सन यांना हा रोग आनुवंशिक वाटे. त्यांनी रुग्णांच्या गाठींतील द्रव्य स्वतःला टोचून घेतले आणि रोग झाला नाही, तेव्हा त्यांचे मत अधिकच पक्के झाले. बहुसंख्य माणसांत या रोगाविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, ही गोष्ट कळायला अजून बराच अवकाश होता.

साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

या कथेतला दुसरा चित्रकार आपल्या प्रदेशात होता. वैद्यकाचे विद्यार्थी 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हा शरीररचनेचा ग्रंथ आजही वापरतात. १८५८ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढली होती. ग्रंथ लंडनमध्ये बाहेर पडला तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेही होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि पुढे काही वर्षे साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते.

मुंबईत त्यांनी रक्तपितीचे रुग्ण पाहिले. कोकणात आणि देशावर लोक या रोगाला रक्तपिती किंवा महारोग म्हणत. कार्टर यांचा हात चित्रकाराचा असला तरी सवय शवविच्छेदनाची होती. त्यांनी मृत रुग्णांच्या नसा उघडून पाहिल्या आणि जाड झालेल्या, बिघडलेल्या नसांची वर्णने लिहिली. चट्टा त्वचेवर असला तरी रोगाचे खरे घर त्वचेखालच्या नसांत आहे, हे या निरीक्षणांतून स्पष्ट होत गेले. पुढे त्यांनी नॉर्वेचा दौरा करून तेथील रुग्णालयांवर अहवाल लिहिला. १८७४ साली कुष्ठरोग आणि हत्तीरोग यांवरचा त्यांचा रंगीत चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नॉर्वे आणि मुंबई ही दोन ठिकाणे शेजारी ठेवली की एक साधी पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. गोऱ्या त्वचेवर कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा लालसर दिसतो, कारण तेथे दाह झाला की खालच्या रक्ताचा रंग वर उमटतो. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा फिकट दिसतो, कारण रोगामुळे त्या भागातले मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी होते. ते पूर्ण नाहीसे होत नाही, म्हणून चट्टा कोडासारखा पांढराशुभ्र नसतो. रोग एक, जंतू एक, पण चित्रे दोन. ज्याने एकाच वर्णाच्या माणसांची चित्रे पाहिली आहेत, त्याला दुसऱ्या वर्णाच्या माणसाचा चट्टा ओळखताना चूक होऊ शकते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. संगणकाकडे आलो की तो पुन्हा लागणार आहे.

सूक्ष्मदर्शकातले चित्र

२८ फेब्रुवारी १८७३ रोजी बर्गेनमध्येच हॅन्सन यांना रुग्णाच्या गाठीतील द्रव्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे कण दिसले. रोग आनुवंशिक नसून जंतूमुळे होतो, असे त्यांचे मत होते. डॅनिएल्सन हे त्यांचे वरिष्ठ होते आणि सासरेही! १८७९ साली जर्मनीतील नायसर यांनी हे जंतू रंगवून अधिक स्पष्ट दाखवले. आता प्रश्न सुटला, जंतू दिसला की रोग ठरला, असे कोणालाही वाटले असते.

पण तसे झाले नाही. हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढतच नाही; आजवर कोणालाही ते साधलेले नाही. तो एकाचे दोन व्हायला सुमारे बारा ते चौदा दिवस घेतो. शिवाय अनेक रुग्णांच्या चट्ट्यात तो इतका थोडा असतो की कितीही शोधले तरी सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही.

असे का, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली मांडलेल्या वर्गीकरणात कुष्ठरोगाची रूपे एका पट्टीवर ओळीने बसवली आहेत. पट्टीच्या एका टोकाला ज्यांची प्रतिकारशक्ती या जंतूविरुद्ध जोमाने लढते असे रुग्ण असतात. त्यांना एक-दोनच चट्टे येतात, कडा स्पष्ट असतात, चट्टा बधिर असतो आणि जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला ही लढाई जवळपास होतच नाही. अशा रुग्णांत जंतू अगणित असतात, चट्टे पुष्कळ आणि पुसट असतात, आणि सुरुवातीला त्यांतली संवेदना बऱ्याचदा शाबूत असते.

यातून निदानाची मोठी अडचण समजते. पहिल्या प्रकारात सूक्ष्मदर्शक गप्प राहतो आणि स्पर्शाची तपासणी बोलते. दुसऱ्यात स्पर्शाची तपासणी फसवू शकते आणि सूक्ष्मदर्शक बोलतो. म्हणून डॉक्टर तीन खुणांपैकी किमान एक तरी शोधतात: संवेदना निश्चित गेलेला फिकट किंवा लालसर चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रातील बधिरता किंवा स्नायूंची दुर्बलता, आणि त्वचेच्या नमुन्यात जंतू. नुसता दिसणारा चट्टा या यादीत नाही, हे मुद्दाम पाहावे.

हॅन्सन यांच्या चरित्रातला एक प्रसंग येथे सांगायला हवा. जंतूमुळेच रोग होतो हे सिद्ध करण्यासाठी १८७९ साली त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतले द्रव्य सुईने टोचले. तिची परवानगी घेतली नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली हॅन्सन यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. जंतूबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर होते. तरीही रुग्णाला न विचारता केलेली कृती न्यायालयाने चूक ठरवली.

त्वचेला कसे विचारतात?

स्पर्शाची तपासणी अगदी साधी असते. डॉक्टर किंवा आरोग्यसेवक प्रथम निरोगी त्वचेवर कापसाचे किंवा बॉलपेनचे टोक हलकेच टेकवून दाखवतात. मग रुग्णाने डोळे मिटायचे आणि जेथे स्पर्श जाणवेल ती जागा बोटाने दाखवायची. निरोगी जागी बोट अचूक पडते. बधिर चट्ट्यावर रुग्ण काहीच दाखवत नाही किंवा बोट भलतीकडे जाते. हातापायांच्या तपासणीसाठी ठराविक जाडीचे नायलॉनचे तंतूही वापरतात. तंतू जितका जाड, तितका तो वाकेपर्यंत त्वचेवर पडणारा दाब जास्त. त्यामुळे बधिरता मोजता येते.

याच्या मागचे विज्ञान असे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून तो त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसांत वस्ती करतो. चट्ट्यातले बारीक तंतू आधी निकामी होतात. हे तंतू उष्ण-थंड आणि वेदना यांची जाणीव नेतात. स्पर्शाची जाणीव बहुधा त्यानंतर जाते. घर्मग्रंथींना आज्ञा देणारे तंतूही बिघडतात, म्हणून चट्टा कोरडा पडतो. त्यावरचे केसही विरळ होतात. चेहऱ्यावर नसांचे जाळे दाट असल्याने तेथल्या चट्ट्याची बधिरता दाखवणे मात्र अवघड असते.

आता मुलांच्या अंगावर दिसणारे इतर डाग पाहा. गालावर फिकट, किंचित खवले असलेले चट्टे शाळकरी मुलांत फार आढळतात व आपोआप जातात. पाठीवर, छातीवर शिबं येतात. त्यांवर बारीक कोंडा असतो. गजकर्ण खाजते आणि त्याची कड उठलेली असते. कोड पांढरेशुभ्र असते. काही फिकट डाग जन्मापासूनच असतात. फोटोत यांतले अनेक कुष्ठरोगाच्या चट्ट्यासारखे दिसू शकतात. या सगळ्यांत संवेदना मात्र शाबूत असते.

नवी साधने

मग चित्रांचा उपयोगच नाही का? तसे मुळीच नाही. वूड यांच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात कोड खडूसारखे पांढरे उजळते, त्यामुळे ते वेगळे काढता येते. त्वचेवर टेकवून पाहायच्या भिंगाने, म्हणजे डर्मोस्कोपने, चट्ट्यातले विरळ केस आणि घामाची कमी झालेली छिद्रे दिसतात. अवरक्त कॅमेरा त्वचेच्या तापमानाचे चित्र देतो. २००९ साली हैदराबाद येथील डॉक्टरांनी नेदरलँड्समधील सहकाऱ्याबरोबर ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, रुग्णांच्या जाड झालेल्या नसा पाहून त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्टर यांना जे पाहण्यासाठी शवविच्छेदन करावे लागले, ते आता जिवंत माणसाला यत्किंचितही इजा न करता दिसते.

सर्वांत अधिक कुतूहल आहे ते संगणकाबद्दल. २०२२ साली ब्राझीलमधील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुष्ठरोग आणि इतर त्वचारोग असलेल्या रुग्णांची १२२९ छायाचित्रे त्यांनी संगणकाला दिली. सोबत रुग्णांच्या तपासणीची माहितीही दिली. दोन्ही मिळून संगणकाने सुमारे ९० टक्के अचूकता गाठली. पण आम्हाला या अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. निदानाला कोणत्या माहितीचा अधिक उपयोग झाला, हे संशोधकांनी तपासले. त्यात उष्ण-थंड न कळणे आणि पायांना मुंग्या येणे या गोष्टी ठळकपणे आल्या. उलट खाज आणि खवले असतील तर कुष्ठरोगाची शक्यता कमी होत होती. यांतली उष्ण-थंडाची जाण, मुंग्या आणि खाज कॅमेऱ्याला दिसत नाहीत. ती माहिती रुग्णाला विचारूनच मिळते.

संगणकाची आणखी एक मर्यादा आपण आधीच पाहिली आहे. ज्या चित्रांवर तो शिकतो तेवढेच त्याचे जग. एका वर्णाच्या त्वचेवर शिकलेल्या संगणकाला दुसऱ्या वर्णाची त्वचा परकी असते. ट्यूबलाइटचा निळसर उजेड, मोबाइलचा फ्लॅश, अंधुक खोली यांनीही रंग बदलतो. पुसट चट्टा फ्लॅशमध्ये चक्क नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच जुने आरोग्यसेवक रुग्णाला दिवसाच्या उजेडात नेऊन तिरप्या प्रकाशात त्वचा पाहत.

अशा अनुभवी नजरा आता कमी होत आहेत. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५० च्या दशकात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत रुजवली. कुष्ठरोगाचे कार्यकर्ते गावोगाव व शाळाशाळांतून तपासणी करत; ज्येष्ठ शिक्षकांना ते आठवत असतील. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रुग्णसंख्या झपाट्याने घटली. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले. पण याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १ लाख ७ हजारांहून अधिक भारतातले होते. कुष्ठरोग फारसा न पाहिलेल्या डॉक्टराला शंका यायला मदत करणे, दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला मिळवून देणे, उपचाराने चट्टा कसा बदलतो याची नोंद ठेवणे, यासाठी चित्र फार उपयोगी आहे. शंका आल्यावर त्वचेची तपासणी व्हायलाच हवी.

शाळेत काय करावे?

सुरुवातीच्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या डागाचा फोटो काढून तो गटात फिरवला, तर डाग साधा निघाला तरी नाव चिकटते. हे नाव किती जड होते ते कायद्यातही दिसते. १८९८ सालचा रुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून २०१९ साली वगळले गेले. त्याआधी तर या रोगावर खात्रीचा उपचार उपलब्ध होऊन कितीतरी वर्षे लोटली होती.

म्हणून शिक्षकांनी निदान करू नये, आणि वर्गासमोर तर विषयच काढू नये. पालकांशी एकांतात बोलावे आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगावे. तेथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. रोग निघालाच तर सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने तो बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही, म्हणून मुलाची शाळा सोडवण्याचे कारण नाही. उशीर झाला तर मात्र नस कायमची निकामी होऊ शकते, आणि गेलेली नस औषधाने परत येईलच असे नाही.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने स्केचपेनचे टोक त्याच्या बोटाच्या पेरावर, तळहातावर आणि मनगटाच्या वरच्या भागावर हलकेच टेकवावे. डोळे मिटलेल्याने वेगळ्या रंगाच्या स्केचपेनने ती जागा दाखवावी. दोन ठिपक्यांतले अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून तक्ता करावा. कोणत्या जागी चूक कमी आणि कोणत्या जागी जास्त होते, याची कारणे मुलांना विचारावीत. तक्ता पुरा झाल्यावर त्यांना सांगावे, की कुष्ठरोग तपासताना डॉक्टर रुग्णाला जवळजवळ हाच प्रश्न विचारतात. आपल्या जोडीदाराला कोठे कळले आणि कोठे नाही, हे त्याचा फोटो पाहून सांगता आले असते का, एवढेही मग विचारावे.